आठवड्यात कोलेस्टेरॉलचे दोन रिपोर्ट, दोन्ही वेगळे, खरं कुठलं धरायचं?

कोथरूडकर:
बाबांचं लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) केलं, टोटल २०६, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २२०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८. काका म्हणाले एकाच रिपोर्टवर गोळी सुरू करू नका, म्हणून त्याच आठवड्यात कर्वे रोडच्या दुसऱ्या लॅबमध्ये केलं तर टोटल २१९, एचडीएल ४३, ट्रायग्लिसराइड १७५ आणि एलडीएल एकदम १४१! कुठली लॅब चुकली? कुणाला विचारायचं तेच कळत नाहीये.

लॅबवाली ताई:
कुणी चुकलंय असं नाही वाटत. ट्रायग्लिसराइडला ५ ने भागा, ते आणि एचडीएल टोटलमधून वजा करा. तुमच्या दोन्ही रिपोर्टांत तंतोतंत तोच एलडीएल येतो, म्हणजे एलडीएल मोजलेलंच नाही, १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढलंय. ट्रायग्लिसराइड आदल्या रात्रीच्या जेवणावर, दारूवर बरंच हलतं आणि ते हललं की एलडीएलचा आकडाही हलतो. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर हे सूत्र वापरतच नाहीत, तेव्हा डायरेक्ट एलडीएल, म्हणजे थेट मोजलेलं, करायला सांगा. टोटलमधून नुसतं एचडीएल वजा करून बघा, १६२ आणि १७६, फरक लगेच कमी झाला. यात ट्रायग्लिसराइडची भानगडच नाही, म्हणून डॉक्टरांना हा नॉन-एचडीएल आकडा आवर्जून दाखवा.

चिंचवडचा नाना:
ताईंचं बरोबर. शिवाय टोटलमध्ये ८.९ टक्क्यांपर्यंतची एकूण चूक अमेरिकेच्या एनसीईपी या राष्ट्रीय कोलेस्टेरॉल कार्यक्रमानेही चालवून घेतलीय, आणि माणसाचं स्वतःचं कोलेस्टेरॉलच दिवसागणिक ५-६ टक्के इकडेतिकडे होतं, त्यामुळे २०६ आणि २१९ हे जवळपास एकच समजा. रक्त द्यायच्या आधी पाच-दहा मिनिटं बसून राहायचं, दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तरी आकडा वाढतो, हे घरी सॅम्पल घ्यायला येणाऱ्या मुलालाही सांगा. आणि लॅबला एनएबीएल (लॅबच्या दर्जाची मान्यता) आहे का एवढं विचारून थांबू नका, त्यांच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या टेस्टच्या यादीत, लिपिडच्या टेस्ट आहेत का तेही बघा, वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलसारख्या बाहेरच्या गुणवत्ता तपासणीत भाग घेतात का हेही विचारा. चांगली लॅब न चिडता सांगते. तापबिप असेल तर मात्र आत्ता करूच नका, एलडीएल खोटं कमी दिसतं.

कोथरूडकर:
ताई, नाना, खूप आभार. रिपोर्टखाली बारीक अक्षरात ‘कॅल्क्युलेटेड’ लिहिलंय, दोन्हीकडे. पहिल्या वेळी आदल्या रात्री लग्नाचं जेवण होतं. आता दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जातो, बाबांना शुगरपण आहे त्यामुळे गोळीचं ते सगळं बघूनच ठरवतील.