प्रतिसाद: काढलेला तीळ तपासायला पाठवलाच नाही

ताई, खानापुरात दीड वर्षापूर्वी पाठीवरचा मस (तीळ) काढला आणि बायोप्सी, म्हणजे काढलेल्या तुकड्यात कॅन्सर आहे का याची तपासणी, झाली नाही, म्हणून झोप उडालीय असं तुम्ही लिहिलंय. आधी तो कसा काढला ते विचारा. कॉटरीनं (विजेवर तापणाऱ्या टोकानं) किंवा लेसरनं जाळला असेल तर तपासायला तुकडा उरतच नाही. (चुना-सोडा लावून जाळणाऱ्यांचंही तेच, वर व्रण वाईट.) ब्लेडनं कापला असेल तर तुकडा फॉर्मालिनच्या (तुकडा टिकवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत गेला का, ते केसपेपरवर पाहा. लॅबला गेला असेल तर तो मेणात बसवून केलेला ब्लॉक बरीच वर्षं जपलेला असतो, तो पुन्हा तपासून घेता येतो.

तुकडा नसेल तर लक्ष व्रणावर. तिळाची मुळं (पेशी) आत राहिली की सहसा सहा महिन्यांच्या आत व्रणातच तपकिरी ठिपका उगवतो, तो बहुधा साधाच असतो. रंग व्रणाची कड ओलांडून बाहेरच्या कातडीत पसरला, गाठ आली, रक्त आलं किंवा काखेत-जांघेत गाठ लागली, तर थांबू नका. महिन्यातून एकदा शेजारी पट्टी ठेवून, त्याच उजेडात फोटो काढा.

डर्मोस्कोप (तीळ मोठा करून बघायचं भिंग) असलेला त्वचारोगतज्ज्ञ बेळगावात किंवा मिरज-कोल्हापुरात गाठा. पुन्हा तुकडा काढलाच तर लॅबच्या फॉर्मवर ‘इथला मस आधी काढलाय’ हे लिहायला लावाच. व्रणातला परत आलेला साधा तीळ सूक्ष्मदर्शकाखाली मेलानोमासारखा (त्वचेच्या एका घातक कॅन्सरसारखा) दिसू शकतो. आपल्याकडे मेलानोमा मुळात कमी, आणि झाला तर बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली. तिथला मस असता तर मी एवढा निवांत नसतो.