मदत हवी आहे: मोरीखाली मासे अडकतात, ओढा गढूळ होतो

ओढाकाठ: कच्चा रस्ता ओढ्याला लागून जातो आणि एका ठिकाणी सिमेंट पाईपच्या मोरीवरून पलीकडे उतरतो. चढणीचे मासे मोरीखालच्या डोहात येऊन थांबतात, वर जात नाहीत. शिवाय एक सर आली की पाणी लगेच चहासारखं. पाईपच्या तोंडाखाली दोन ट्रॉली डबर टाकून झालं, रस्त्यावर खडी दोनदा. फरक शून्य. नेमकं काय करायचं ते सांगा, पुढच्या महिन्यात काम काढायचंय.

मोजपट्टी: पाईप केवढा? ओढा किती रुंद? पाईपच्या तोंडातून पाणी किती खाली पडतं? रस्त्याचा चढ किती?

ओढाकाठ: पाईप नेहमीचाच, ९०० मिमी. ओढा ५ मीटर. बाकीचं लागतंच का?

मोजपट्टी: लागतं. ५ मीटर डोहापाशी मोजलेत ना? पाईपचा झोत तिथले काठ खणतो, ते माप फसवं. मोरीपासून बरंच वर जा, पाणी काठोकाठ असतानाची खूण धरून चार-पाच ठिकाणी मोजा.

मीनमित्र: मोरीच्या वरच्या अंगाला मत्स्यबीज सोडा की. जून-जुलैत बोटुकली टाकली तर...

मोजपट्टी: तो प्रश्न कुणी विचारलाय? वर सोडलेले खाली वाहून आले की याच मोरीखाली अडकणार.

फरशीवाला: सरळ मोरी उखडा आणि पाणी वरून वाहील अशी काँक्रीटची फरशी टाका. तुंबायची भानगड नाही.

गाळगोटे: अहो, सपाट फरशीवर पाणी दोन-तीन सेंटीमीटरच्या थरात पसरतं, मासा पोहणार कशात? शिवाय खालच्या कडेला पाणी खणतं आणि दोन पावसांत तिथेही उडी, म्हणजे पाणी उंचावरून पडणारी पायरी, तयार. फरशीच हवी तर मधोमध ओढ्याच्या तळाइतकी खोल खाच ठेवा.

फरशीवाला: खाचेत चाक अडकतं.

गाळगोटे: म्हणून वर जाळी टाकतात. आणि जाळीत काटक्या अडकतात. म्हणून मी फरशी सुचवत नाही. ओढाकाठ, तुमच्या डबरातून पाणी झिरपून जातं, मासा जात नाही.

ओढाकाठ: मोजलं. रुंदी ३ मीटर, उडी ४० सेंमी, चढ ९ टक्के, ओढ्याकडे उतरणारा रस्ता १३० मीटर. आता सांगा.

मोजपट्टी: तीन मीटरचा ओढा ९०० मिमीत कोंबलाय. आत वेग वाढतो, बाहेर तळ खणला जातो, दरवर्षी उडी वाढते. पक्का उपाय म्हणजे रुंदीच्या १.२ पट अधिक ०.६ मीटर, तुमच्याकडे ४.२ मीटर, इतकी उघड्या तळाची कमान किंवा बॉक्स, म्हणजे काँक्रीटची चौकोनी मोरी. बॉक्स घेतलात तर तळ ओढ्याच्या पातळीखाली दाबा, आत ओढ्यातलेच गोटे-वाळू भरा, उतार ओढ्याइतकाच ठेवा. तोवर डोहाच्या खालच्या टोकाला दगडी पायऱ्या बांधून डोहाचं पाणी पाईपच्या तोंडापर्यंत उचला. एका पायरीला १५ सेंमीपेक्षा जास्त उडी नको, म्हणजे तुम्हाला तीन. फटी वाळू-बारीक गोट्यांनी ठासून भरा. पाईपातला वेग मात्र तसाच राहील, लहान मासे तरीही अडतील.

गाळगोटे: गाळ खडीने थांबत नाही, कारण पाणी रस्त्यावरूनच धावतंय. बाहेरच्या, म्हणजे उताराच्या कडेला ग्रेडरने (रस्ता सपाट करणाऱ्या यंत्राने) सोडलेली मातीची वरंबी असेल तर आधी ती काढा, तीच पाणी रस्त्यावर धरून ठेवते. मग लांब, उथळ डिप काढा, म्हणजे रस्त्यावरचं पाणी बाजूला काढणारे आडवे खोलगट पट्टे. माती लवकर वाहणारी असेल तर ९ टक्क्यांना साधारण ४० मीटरला एक. डिपचा तळ बाहेरच्या अंगाला ३ ते ५ टक्के उतरता, तोंडाशी डबर. पाणी गवतात जिरलं पाहिजे, ओढ्यात नाही. बारीक गाळ गोट्यांच्या फटीत बसला की अंड्यांना प्राणवायू मिळत नाही.

पायवाट: डिप कशाला? ओंडके आडवे टाका, स्वस्तात काम.

गाळगोटे: पायवाटेवर ठीक, तेही काटकोनात नाही, ३० ते ४५ अंश तिरके, नाहीतर मागे माती साचून पाणी वरून जातं. गाडीरस्त्यावर चाकं ते ओंडके उखडतील.

वाळाबाग: काठावर वाळा लावा, मुळं खोल जातात.

गाळगोटे: लावा, पण डिप काढल्यावर. धावत्या पाण्यापुढे नवी रोपं टिकत नाहीत.

ओढाकाठ: ४० मीटरने धरलं तर तिसरा डिप मोरीच्या जेमतेम १० मीटर आधी येतो. चालेल?

गाळगोटे: नाही, त्याचं पाणी थेट ओढ्यात जाईल. तिन्ही वर सरकवा, शेवटचा मोरीपासून निदान ३० मीटर. त्याखालच्या तुकड्यावर जिओटेक्स्टाइल (मातीवर अंथरायचं, पाणी झिरपू देणारं मजबूत कापड) अंथरून १५ सेंमी खडी दाबून बसवा, मोरीच्या पलीकडेही.

मोजपट्टी: आणि काम पाणी सर्वांत कमी असताना. ओढा वळवून घ्या, पंपाच्या तोंडाला बारीक जाळी, अडकलेले मासे आधी बादलीने खाली सोडा. ताज्या सिमेंटचं पाणी ओढ्यात उतरलं तर मासे मरतात.

ओढाकाठ: पुढच्या महिन्यात पाणी भरपूर असेल.

मोजपट्टी: मग आता वरंबी काढा आणि डिप करा. मोरीला हात लावू नका.