स्पोर्ट टूरिंग टायर कोकणच्या कामाचे नाहीत: पटतंय का?

पनवेलकर
गाव गुहागरजवळ, त्यामुळे महिन्यातून दोनदा पनवेल-चिपळूण-गुहागर ठरलेलं. बाईकचा मागचा १८०/५५ सतरा इंची स्पोर्ट टूरिंग टायर (लांब पल्ल्यालाही चालावा आणि वळणावरही धरावा असा) ७,२०० किलोमीटरवर मधोमध पाटासारखा चपटा झालाय. कडांना मात्र रबर जवळपास नव्यासारखं.

चिपळूणपर्यंत सरळ जाताना काही जाणवत नाही. गुहागर फाट्याला वळलो की खरी गंमत. गाडी आधी झुकतच नाही, हँडल ढकलावं लागतं, आणि चपट्या भागाची कड ओलांडली की एकदम आडवी पडल्यासारखी होते. हायवेवर काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधल्या उभ्या सांध्यावर चाक गेलं तर मागची बाजू वळवळते. पुढच्या टायरला वर करवतीसारखे दाते पडलेत, ४० च्या वेगाला हँडल थरथरतं.

या टायरांत मधे कडक आणि कडेला मऊ असं दोन प्रकारचं रबर असतं. कडेच्या मऊ रबराचे पैसे मी मोजतो आणि ते वापरलंच जात नाही. त्यापेक्षा साधे देशी टायर घ्यावेत आणि दरवर्षी मिरगाच्या आधी बदलावेत. बोला.

खाडीकाठ
साफ असहमत. मी रत्नागिरीचा. रोजचा रस्ता आरे-वारेवरून गणपतीपुळ्याकडे, सरळ असा दोनशे मीटरसुद्धा नाही. याच जातीचा टायर ११,००० झाला तरी गोल आहे. तुमचा टायर हायवेने खाल्ला, कोकणाने नव्हे.

आणि पावसाचं काय? या रबरात सिलिका असते, म्हणून ते थंड ओल्या डांबरावरही धरतं. इथे चार महिने रस्ता वाळत नाही. घाटात कडेला शेवाळ, जांभ्याची लाल माती, वर पहाटे मासळीच्या ट्रकमधून गळलेलं बुळबुळीत पाणी. (त्या पाण्यावर मात्र कुठलंच रबर टिकत नाही, वास आला की सरळ वेग कमी करायचा.) तिथे साधा कडक टायर लावून दाखवा.

पनवेलकर
म्हणजे ज्याच्या वाट्याला वळणं आहेत त्याला टायर लाभतो. माझं तरी दुसरं काय म्हणणं आहे? कोकणात येणारे निम्मे लोक माझ्यासारखेच, तीनशे किलोमीटर सरळ आणि पन्नास वळणाचे.

दापोलीची
साधा कडक टायर मी लावून पाहिलाय, म्हणून लिहिते. टिकला भरपूर, नाकारत नाही. पण ऑगस्टात कुंभार्ली उतरताना मागचा ब्रेक जरा दाबला की एबीएस टकटकायचं. दाभोळ-धोपावे फेरीच्या ओल्या रॅम्पवर तर पाय टेकत टेकत चढले, मागे गाड्यांची रांग आणि सगळे बघतायत. पुढच्या वेळी परत स्पोर्ट टूरिंग घातला. महाग आहे, आहे.

कुडाळकर
रे बाबा, आधी हवा बघलंस काय? टायराक गाळी मागसून घाल.

पनवेलकर
बघतो ना काका. पावसात मुद्दाम थोडी कमी ठेवतो, पकड वाढते म्हणून.

ग्रीसचे हात
इथेच चुकतंय. गॅरेज चालवतो म्हणून जरा सविस्तर.

ओल्या रस्त्यावर हवा कमी केली की टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग खाली येतो, म्हणजे नेमकं उलटं होतं. शिवाय टायर जास्त दबतो, तापतो, आणि पुढच्याला दाते पडतात. दात्यांचं दुसरं कारण म्हणजे फोर्कचं, म्हणजे पुढच्या शॉकचं, मेलेलं ऑइल किंवा ढिली स्टिअरिंग बेअरिंग. खड्ड्यांतून डायव्हर्जनच्या पायऱ्या उतरून आलेल्या गाड्यांत हे सर्रास दिसतं. नवा टायर घालून ते जात नाही, नव्यालाही दाते पडतात.

पुढच्या टायरची उजवी बाजू जास्त झिजलीय का तेही बघा. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजवं वळण बाहेरच्या बाजूने लांब पडतं आणि वेगही जास्त असतो. ते नैसर्गिक आहे, त्याला घाबरू नका.

मागचा चपटा होणं मात्र तुमच्या वाटेवर होणारच, तिथे खाडीकाठ यांचं बरोबर आहे. सरळ रस्ता आणि मागे पेट्या लादलेल्या, दुसरं काय होणार? घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. पडून राहिलेला माल सवलतीत गळ्यात मारतात.

खाडीकाठ
पेट्यांचं त्यांनी सांगितलं कुठे होतं!

पनवेलकर
पेट्या असतात. येताना आंबे, जाताना आईने सांगितलेलं वाणसामान.

असो. आज सकाळी गाडी थंड असताना स्वतःच्या मीटरने मोजलं. मॅन्युअलमध्ये पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय आहे. मागे ४१ निघाली, पुढे २९. पुढचे दाते माझ्या खात्यावर घ्या. मागचा चपटा झाला तो हवेने नाही, त्यावर मी ठाम.

कुडाळकर
२९? पावसाक कमी केलंस ती दिवाळी झाली तरी भरूक नाय?

दापोलीची
नवे घातलेत तर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून हं. नवं रबर गुळगुळीत असतं, आणि तुम्ही थेट गुहागरच्या वळणांवर निघाल.