कन्सल्टंट म्हणजे पैशाची उधळण? मग हेही वाचा

शेवगावची_लेक: काल इथे ऑन्टारिओतल्या ब्रॅम्पटनच्या एका सदस्याने लिहिलं, "कॅनडाच्या पीआरसाठी (कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी) वकील-कन्सल्टंट म्हणजे पैशाची उधळण. फॉर्म साइटवर फुकट आहेत, व्हिडिओ बघा आणि भरा." राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

फॉर्म भरणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. माझ्या भाच्याचा अर्ज नाशिकच्या एका एजंटाने भरला. त्याला आधी अमेरिकेचा व्हिसा नाकारला होता. "कुठल्या देशाने व्हिसा नाकारलाय का?" या प्रश्नापुढे एजंटाने बिनदिक्कत 'नाही' टिक केलं. कॅनडाहून खुलासा मागणारं पत्र आलं, तेव्हा एजंटाचा फोन बंद. मिसरिप्रेझेंटेशन, म्हणजे खोटी माहिती दिल्याचं ठरलं, ५ वर्षं बंदी. सही भाच्याची, म्हणून जबाबदारीही त्याचीच. त्या पत्राच्या मुदतीत जाणता वकील मिळाला असता तर निदान बाजू तरी मांडता आली असती.

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे पैसे घेऊन हे काम वकील, ऑन्टारिओचे परवानाधारक पॅरालीगल, क्वेबेकचे नोटरी आणि कन्सल्टंटांच्या नियामक संस्थेकडे, म्हणजे 'कॉलेज'कडे, नोंदलेले कन्सल्टंटच करू शकतात. कॉलेजचं रजिस्टर ऑनलाइन आहे, कुणालाही नाव शोधता येतं. हे न सांगता सरसकट 'उधळण' म्हणणं घातक आहे.

डोंबिवलीकर_ब्रॅम्पटन: ताई, भाच्याचं वाईट वाटलं. पण हे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं. स्वतः भरला असता तर तो प्रश्न त्याला दिसला असता. मी मॅनिटोबाचं नॉमिनेशन, म्हणजे पीआरसाठी त्या प्रांताची शिफारस, स्वतः मिळवलं. खरी मेहनत रेफरन्स लेटरची, कामाचं वर्णन एनओसी कोडशी (कॅनडाच्या सरकारी व्यवसाय-यादीतल्या क्रमांकाशी) जुळायला हवं. परवानाधारक माणसानेच मला चार हजार डॉलर सांगितले होते! पीआर मिळाला, ब्रॅम्पटनला आलो.

प्रेअरीवाला: एक मिनिट. नॉमिनेशन मॅनिटोबाचं आणि राहता ब्रॅम्पटनला? अर्जात "इथेच स्थायिक होणार" असं लिहून दिलं होतं ना? मॅनिटोबातल्या विनिपेगच्या उणे तीस अंशांत राहून इथे घर केलेले आम्ही मूर्ख का? १९९८ पासून हा प्रांत माणसं बोलावतोय, ती राहावीत म्हणून. २०२५ ला केंद्राने प्रांतांचा नॉमिनेशनचा कोटा निम्म्यावर आणला. तुमच्यासारख्यांनी अडवलेली जागा आज इथे काम करणाऱ्या कुणाची तरी होती.

डोंबिवलीकर_ब्रॅम्पटन: जागा अडवली? तोंड सांभाळून बोला. चार्टरच्या (कॅनडाच्या घटनेतल्या हक्कांच्या सनदेच्या) कलम ६ प्रमाणे पीआरधारक कुठल्याही प्रांतात राहू शकतो. विनिपेगला अख्खा हिवाळा नोकरी शोधली. मिळाली नाही. पोरांना काय खायला घालू, स्थायिक होण्याचं वचन?

प्रेअरीवाला: नोकरी शोधून मग गेलात, तर माझा आक्षेप मागे. पण टोरँटोचं तिकीट काढूनच अर्ज करणारे इथे ढिगाने आहेत. अर्ज करतानाच राहायचं नव्हतं हे सिद्ध झालं, तर तेही मिसरिप्रेझेंटेशनच. चार्टर तिथे वाचवत नाही.

हॅलिफॅक्सची_मावशी: दादांनो, ब्रॅम्पटन-विनिपेग पुरे. वकील खरा कुणाला हवाय? आमच्या गल्लीत एक मुलगी रेस्टॉरंटमध्ये राबते. मालक म्हणतो, एलएमआयए (परदेशी कामगार ठेवायला मालकाला लागणारी सरकारी मंजुरी) हवं तर पैसे दे. हे बेकायदा आहे. त्या मंजुरीची १,००० डॉलरची फी मालकाने भरायची, कामगाराकडून वसूल करायची नाही. पण बोलली तर नोकरी आणि परमिट दोन्ही जाईल, ही धास्ती. केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या, नवख्यांना मदत करणाऱ्या सेटलमेंट संस्था मुख्यतः पीआर आणि निर्वासितांसाठी. विद्यार्थी आणि बहुतेक वर्क परमिटवाल्यांना तिथे दार बंद. लीगल एडचं, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी कायदेशीर मदतीचं म्हणाल, तर ऑन्टारिओने २०१९ मध्ये निर्वासित-इमिग्रेशनच्या खटल्यांचा प्रांताचा पैसाच काढून घेतला होता. ज्याचा खिसा रिकामा, तोच भुरट्या एजंटाच्या हाती लागतो.

शेवगावची_लेक: मावशी, अगदी हेच. डोंबिवलीकर, साधी केस, स्वच्छ कागद, इंग्रजी वाचता येतं, तर स्वतः भरा. एवढं मान्य करते. पण आधीचा नकार, मोडलेलं लग्न, मालकाशी भांडण यातलं काहीही असेल, तर व्हिडिओवर भिस्त ठेवू नका.

डोंबिवलीकर_ब्रॅम्पटन: रजिस्टर तपासण्याचं माझ्या पोस्टमध्ये टाकतो, आणि जुना नकार असेल तर वकील गाठा, हेही. चार हजार मात्र लूटच होती. आणि ब्रॅम्पटनला आल्याबद्दल मी कुणाचीही माफी मागणार नाही.