येता-जाता मोबाईलवर काढलेले फोटो: फोटोग्राफी की नुसती गॅलरी भरणं?

रामबागकर
आयटीत आहे, ऑफिस इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर. गणपतीत घरी विषय निघाला तेव्हा मामा म्हणाले, "बसमधून टिपतोस त्याला फोटोग्राफी म्हणू नकोस." मला नाही पटलं. माझ्या मते रोजच्या वाटेवरचे फोटोच पुढे कामाला येतात. त्या रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहताना मी बसच्या खिडकीतून टिपत गेलो. आधी नुसत्या सळया, मग काँक्रीट, मग वरचा पूल. 31 मे 2025 ला मेट्रो सुरू झाली तेव्हा जो तो सेल्फीला धावला, पण मोकळ्या रस्त्याचा फोटो किती जणांकडे आहे?

आणि एकोणिसाव्या शतकातले नावाजलेले फोटोग्राफर लाला दीनदयाळ? इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते. 1874 च्या सुमारास हौसेखातर कॅमेरा हातात घेतला, इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी पाठबळ दिलं. व्हाइसरॉय, निजाम हे सगळं नंतरचं.

जुना रोल
दाखला तुमच्याच अंगावर येतोय! त्या काळी काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. अंधाऱ्या तंबूसकट सगळा बाडबिस्तरा बरोबर. हौस खरी, पण येता-जाता जमणारी नव्हे. तुमचे मामा दुसरं काय म्हणताहेत?

आम्ही 36 फोटोंच्या रोलवर शिकलो. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, म्हणजे होळकरांच्या समाधीवास्तूंवर, ऊन तिरपं होईपर्यंत ताटकळायचो, कारण बटण दाबलं की पैसे गेले. बसमधल्या फोटोत अर्धी काचेची चमक असते आणि उरलेल्यात पुढच्या माणसाचं डोकं.

गराडूप्रेमी
मीही आयटीतच, टेस्टिंगला. मला वेगळीच शंका आहे. रात्री सराफ्यात, खाऊगल्लीत, फोटो काढला की मोबाईल पाठोपाठ बऱ्याच फ्रेम घेतो आणि त्या जुळवून एक चित्र करतो. कढईवरचा पिवळा उजेड पांढरा होतो, वाफ पुसल्यासारखी दिसते. मग फोटो मी काढला की मोबाईलने?

दुसरं म्हणजे, विचारायचं की नाही? गराडू (एक कंद) तळणाऱ्या एका दादांना विचारलं तर म्हणाले, "हाथ का ले लो मैडम, चेहरे का मत लेना." हाताचाच घेतला. झारा, तेलाने काळवंडलेलं मनगट, वर जिरावण मसाला भुरभुरणारी बोटं. न विचारता घेतला असता तर हा फोटो झालाच नसता. सहज काढा हो, पण चोरून नको.

रामबागकर
ताई, कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) हाताने लावा, पिवळा पिवळाच राहील. आणि रोलवाले काका, मोबाईल काचेला टेकवून धरला की चमक येत नाही. डोक्यांचं मात्र काही करता येत नाही.

जुना रोल
चमक जाईल, तारखेचं काय? तुम्हीच आयटीवाले. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तारीख-ठिकाणाची माहिती गळून पडते ना? मग पाच वर्षांनी तो खांब कुठला नि कधीचा, कोण सांगणार? आमच्याकडे होळकरांच्या राजवाड्याचे फोटो आहेत, 1984 च्या आगीच्या आधीचे. वडिलांनी प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने तारीख घातली आहे.

रामबागकर
डॉक्युमेंट म्हणून पाठवला की माहिती टिकते. शिवाय मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर असतेच. मुद्दा बरोबर आहे, पण तो फोटो जपण्याचा झाला, काढण्याचा नाही.

गराडूप्रेमी
काका, ते राजवाड्याचे फोटो बाबांनी मुद्दाम जाऊन, उन्हाची वाट बघून काढले होते का?

जुना रोल
नाही. आत्या लग्नाच्या खरेदीला आली होती, तिचे काढलेत. राजवाडा मागे आलाय.

रामबागकर
😀

जुना रोल
हसू नका. आत्याला नीट उभं केलं होतं, पदर सारखा करायला लावला होता.