‘टी सेरेमनी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : जपानी ‘टी सेरेमनी’वरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. ‘चहा समारंभ’ लिहिलं की हारतुरे आणि माइक डोळ्यांसमोर येतात. ‘चहापान’ म्हटलं की अधिवेशनाच्या आदल्या दिवशीचं मुख्यमंत्र्यांचं चहापान. दुसरा शब्द सुचवाल का? शिवाय लेखात झेन या बौद्ध पंथाचा उल्लेख सारखा येतो, तो चहाशी कसा जोडला गेला?

प्रतिसाद : मूळ जपानी नावात ‘समारंभ’ नाहीच. तिकडे म्हणतात ‘चानोयू’. ‘चा’ म्हणजे चहा, ‘नो’ हा आपल्या षष्ठीच्या प्रत्ययासारखा आणि ‘यू’ म्हणजे गरम पाणी. थंड पाण्याला जपानीत वेगळा शब्द आहे, ‘मिझु’. आपल्याकडे असा भेद रोजच्या बोलण्यात नाही, पण स्वयंपाकघरात आहे. भातासाठी, चहासाठी उकळत ठेवतो ते आधण. तेव्हा चानोयू म्हणजे ‘चहाचं आधण’! मला हे फार आवडतं, कारण सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या थोर चहागुरूच्या नावावर असलेली एक कविता नेमकं हेच सांगते : पाणी उकळायचं, चहा करायचा आणि प्यायचा, चानोयू म्हणजे एवढंच.

दुसरं नाव ‘सादो’ किंवा ‘चादो’. यातला ‘दो’ ज्युदोतलाच, म्हणजे वाट. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा अष्टांगिक मार्गातल्या ‘मार्गा’साठी हेच अक्षर वापरलं गेलं. म्हणून साधनेविषयी लिहिताना ‘चहामार्ग’ म्हणा. ज्ञानमार्ग, भक्तिमार्ग म्हणणाऱ्या कानांना तो परका वाटणार नाही.

प्रत्यक्ष प्रसंगाला मात्र मी ‘चहाची बैठक’ म्हणेन, गाण्याच्या बैठकीसारखी. जमिनीवर बसलेली मोजकी माणसं, यजमानाच्या प्रत्येक हालचालीकडे लक्ष. रिक्यूची म्हणून ओळखली जाणारी यामाझाकी इथली ‘ताइआन’ ही चहाची खोली अवघ्या दोन तातामी चटयांची आहे आणि आत शिरायला इतकं छोटं दार की सामुरायालाही तलवार बाहेर ठेवून वाकूनच यावं लागे.

आता झेन. हा शब्द आपल्याच ‘ध्यान’चा. पालीत ‘झान’, चिनीत ‘चान’, जपानीत ‘झेन’. (उच्चार ‘झेप’मधल्या झ-चा नव्हे, ‘माझा’मधल्या झ-चा.) ध्यानाला बसलेल्या भिक्षूंना झोप येऊ नये म्हणून चीनच्या मठांत चहा होताच. ११९१ मध्ये एइसाइ हा भिक्षू चीनहून झेनच्या रिंझाइ या शाखेची दीक्षा घेऊन परतला. जपानी मठांत आणि पुढे योद्ध्यांमध्ये चहा रुजला, त्याचं मोठं श्रेय त्याला देतात. रिक्यूनेही क्योटोच्या दाइतोकुजी या झेन मंदिरात साधना केली.

‘चाझेन इचिमी’ असं एक वचन तुमच्या लेखात बहुधा येईल. त्याचं ‘चहा आणि झेन यांची चव एकच’ असं करू नका. ‘इचिमी’ हे बौद्ध संस्कृतातल्या ‘एकरस’चं चिनी रूप, आणि एकरस होणं म्हणजे काय ते मराठी माणसाला समजावावं लागत नाही. ‘चहा आणि ध्यान एकरस’ लिहा.

प्रश्न : ‘चहाची बैठक’ घेतला! एकच अडलंय. माचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, ‘बनवला’ लिहू की ‘केला’?

प्रतिसाद : दोन्ही नको. पातळ चहा, म्हणजे ‘उसुचा’, बांबूच्या ‘चासेन’ने फेस येईपर्यंत हलवतात. आपण ताक करतो तसा तो ‘घुसळला’ म्हणा, फक्त इथे रवी एका हातात मावते. दाट ‘कोइचा’त पूड जास्त, पाणी कमी. तो फेसाळू न देता सावकाश एकजीव करतात आणि एकाच वाडग्यातून सगळे पाहुणे आळीपाळीने पितात. त्याला ‘घोटला’ हेच क्रियापद हवं.