सल्ला हवा: जि.प. शाळेसाठी 15,000 रुपयांत काय घ्यावं?

पट_चौतीस: नमस्कार. आमची शाळा पहिली ते चौथी, पट 34, शिक्षक दोन. पहिली-दुसरी एकाच खोलीत मी सांभाळते. गणेश मंडळाने यंदा डीजेला फाटा देऊन 15,000 रुपये शाळेला द्यायचं ठरवलंय. टीव्ही घेऊ, भिंती रंगवू की गणिताचं साहित्य आणू? वर पत्रा आहे, एका कोपऱ्यात गळतं. कृपया 15,000 च्या आतलंच सुचवा.

अण्णा_सांगलीकर: ताई, 75 इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल घ्या. भाच्याच्या शाळेत आहे, पोरं जागची हलत नाहीत. लाखभर जातील, पण एकदाच.

खडूची_धूळ: अण्णा, आकडा वाचलात का? आणि लाईटचं काय? बिल थकलं म्हणून आमची वीज सहा महिने तोडलेली होती. टीव्हीवर चादर. झेंडावंदनाला पाहुणे आले की काढायची, गेले की परत घालायची.

पोपडे: भिंती रंगवू नका, हात जोडतो. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं, नाव गाजत होतं तेव्हा आम्हीही जाऊन पाहून आलो. आल्याआल्या पेंटर लावला. शंभरच्या तक्त्यात त्याने 67 दोनदा लिहिला, 76 गायब. तिसरीतल्या पोरीने पकडलं. दोन पावसाळ्यांत ओल चढली, आता महाराष्ट्राच्या नकाशातला विदर्भ सोलून पडलाय.

वऱ्हाडी_ठेचा: आमचाच भाग पहिले पडते. नवीन काय त्यात.

खडूची_धूळ: कुमठ्यात पोरं वस्तू हाताळून, गटात बसून शिकत होती. आपण तिथून फक्त रंग उचलला.

पोपडे: असं दर दोन वर्षांनी काहीतरी निघतंच. 2023-24 ला पुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली. दप्तर हलकं होणार म्हणे. पोरं वह्याही आणत होतीच.

वऱ्हाडी_ठेचा: माझ्या पोराने त्या पानांवर ट्रॅक्टर काढले. सुंदर काढले, पण ट्रॅक्टरच.

निवृत्त_बाई: विषयावर या रे. पट_चौतीस, तुला तळफळा हवा. भिंतीच्या खालच्या अडीच फुटांवर गुळगुळीत गिलावा करून काळा रंग द्यायचा, प्रत्येक मुलाला दोन फूट जागा. एक वर्ग लिहीत बसला की दुसऱ्याकडे बघायला तू मोकळी. गळत्या कोपऱ्याची भिंत मात्र सोड.
गणिताला चिंचोके, आइस्क्रीमच्या काड्या, रबरबँड आणि शंभर मण्यांची माळ, दर दहा मण्यांना रंग बदललेला. माझ्या वर्गात एक मुलगा 8 आणि 6 काड्या मांडून बसला होता. 14 झाल्यावर दहाचा गठ्ठा बांधला, चार सुट्या ठेवल्या आणि गठ्ठा उचलून डावीकडे सरकवला. हातचा मी शिकवलाच नाही त्याला.
आणि साहित्य उघड्या टोपलीत ठेव. पेटीत गेलं की मोडलं तर नोंदवहीत काय लिहायचं, या भीतीने कुलूप लागतं.

मोबाईल_गुरुजी: पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन करा, फुकट आहे. क्यूआरवाल्या डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, उगाच नाही.

पट_चौतीस: सर, रेंज टेकडीवर येते.

अण्णा_सांगलीकर: पॅनलमध्ये दीक्षापण चालतं.

हिशेबनीस: 31 ते 100 पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला 25,000 संयुक्त शाळा अनुदान आहे, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर. गळती त्यातून काढा, मंडळाचे पैसे मुलांसाठी वापरा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव तेवढा घ्या.

खडूची_धूळ: आमच्याकडे एका वर्षी ते मार्चअखेर जमा झालं आणि दोन दिवसांत खर्ची टाका म्हणाले. झाडू-फिनेल एवढं घेतलं की अजून पुरतंय.

कोकणातली_लाट: मीपण तळफळाच सुचवणार होतो. शिवाय बालभारतीचं 'किशोर' लावा, 1971 पासून निघतंय. जुने अंक दोरीवर टांगायचे, मुलांच्या हाताला येतील असे. कपाटातलं पुस्तक फक्त तपासणीला दिसतं.

पट_चौतीस: सगळ्यांचे आभार. काल मंडळाची बैठक झाली. टीव्ही ठरला, 32 इंची. तळफळा आणि काड्यांचं सांगून पाहिलं, तर अध्यक्ष म्हणाले, "बाई, चिंचोक्यांवर मंडळाचं नाव कुठं घालायचं?" टीव्हीखाली पाटी लागणार आहे. मी काळ्या रंगाचा एक डबा स्वतःच आणलाय, रविवारी एक भिंत करते. टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून अंककार्डं कापून झाली, 76 सुद्धा आहे.

निवृत्त_बाई: आधी गिलावा घोटून घे गं, नाहीतर खडू चरचरतो.

हिशेबनीस: टीव्हीची नोंद जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत, करा. आणि स्टॅबिलायझर?

अण्णा_सांगलीकर: 32 इंच मागच्या बाकावरून दिसणार नाही, आताच सांगतो.

पट_चौतीस: अण्णा, बाकच नाहीत. सतरंजी आहे.